बापू पाटील फोटूत हसले त्याची गोष्ट

हसायचं आसंल तर चहा आधी पिऊन घ्या. मागं हीच गोष्ट सांगताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आल्ता आणि बोलणी मला बसली. झाला पिऊन? मंग ऐका. माणसानं आयुष्यात बावळटपणा करावा, मी न्हाई म्हणत न्हाई. पण त्याचा पुरावा भिंतीवर टांगावा लागंल असा करू नये!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. तिकडं सातासमुद्रापार मोठी लढाई चालू, आणि इकडं जुन्या जालन्यात आमची आडत. आडत म्हंजे काय, तर ज्वारीची पोती, मिरच्यांचा खकाणा आणि आमचे आप्पा. वडील माझे. आप्पांचा एकच शब्द, "हं." पाऊस चांगला झाला, "हं." दुकानात चोरी झाली, "हं." माझा जन्म झाला तवा बी "हं"च म्हणले, आई सांगायची. हसताना त्यांना कुणी पाह्यलं न्हवतं.

मला त्या तराजूचा भारी कंटाळा. अशात आमच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या माडीत, हैदराबादचे एक फोटूवाले येऊन राह्यले. नाव कुणी घेत नसे, सगळे उस्तादच म्हणायचे. त्यांनी सांगितलं, दहा दिवसांत फोटूचं काम हातानं करायला लावून शिकवीन, चौघांना शिकवीन, आणि जो बराबर निघंल त्याला इथंच कायमचा ठेवून घेईन.

मी भीत भीत आप्पांना विचारलं.

आप्पा म्हणले, "हं. दहा दिवस जा. उस्तादानं ठेवलं तर तिकडं. न्हाई ठेवलं तर अकराव्या दिवशी तराजू. आणि मंग जन्मभर तराजू."

आप्पा एवढं लांबलचक बोलले की कोण पाहुणा आला म्हणून आई बाहेर बघायला आली!

आता तुम्हाला वाटंल, गेलो आणि कॅमेरा हातात घेतला. कुठला कॅमेरा! पहिले पाच दिवस आम्ही भोपळा पाह्यला. खरं सांगतो. उस्तादांनी खिडकीपाशी स्टुलावर एक तांबडा भोपळा ठेवला आणि म्हणले, "देखो."

"काय देखू उस्ताद?"

"उजाला किधर है, अंधेरा किधर है, वो देखो."

"भोपळ्यावर?"

"मियाँ, भोपला हिलता नहीं, बोलता नहीं, पैसे कम करो नहीं बोलता. इससे अच्छा गिराइक कहाँ मिलेगा?"

बघत बसलो. तिसऱ्या दिवशी मला त्या भोपळ्याला नाक दिसायला लागलं. घरी आईनं भोपळ्याची भाजी केली तर माझा हात उचलंना, ओळखीचा माणूस ताटात वाढल्यागत वाटलं.

सहाव्या दिवसापासून भोपळ्याच्या जागी आम्ही. एकमेकांना बसवायचं, उजेड एका अंगानं घ्यायचा आणि दुसऱ्या अंगाला पांढरी चादर धरायची. उजेड चादरीवर पडतो आणि तिथून मऊ होऊन अंधाऱ्या गालावर येतो. जादूच हो ती! चादर काढली की माणूस सुतकात बसलेला, चादर आणली की नवरदेव. मी तर येडाच झालो. रस्त्यानं जाताना लोकांच्या गालावरचा उजेड बघायचो. एका बाईनं चप्पल काढली तवा बंद केलं.

आणि उस्तादांचा एक मंत्र होता. रोज सकाळी तो आमच्याकडून घोकून घ्यायचे. "पैले चार कोने देखो, फिर चेहरा."

"असं काहून उस्ताद?"

"चेहरा तो सबको दिखता. फोटो हमेशा कोने में बिगड़ता."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतंय!

मंग परीक्षा. तवा फोटू काचेवर निघायचा, आणि लढाईमुळं काचा मिळंनात. उस्तादांनी एकेकाला एकच काच दिली. एक काच, एक माणूस. कॅमेरा त्यांचाच, पाळीपाळीनं न्यायचा. बिघडलं की संपलं.

माझी पाळी आली. मी कुणाला धरलं? केदारखेड्याच्या बापू पाटलांना. आमच्या आडतीला माल घालणारा मोठा माणूस. मिशा अशा की लिंबू ठेवा दोन्हीकडं. कपाळाला बारमाही आठी. म्हणलं, असा भारदस्त माणूस काढला की उस्ताद खूश, आप्पा गप. चुलतभावाचा गळ्यापर्यंत बटणं लावायचा कोट मागून घातला, काळी टोपी घातली, आईकडून धोतर नीळ घालून धुवून घेतलं, आणि कॅमेरा, तिपाई, काळा कपडा घेऊन निघालो. अर्धी वाट मोटारीनं, अर्धी बैलगाडीनं.

बापू तयारच बसल्ते. ओसरीवर खुर्ची, आणि खुर्चीमागं एका अंगाला माणसाएवढा उभा आरसा!

"जावयानं हैदराबादहून धाडला," बापू म्हणले. "कडब्यावर निजवून आणलाय गाडीतून. पंचक्रोशीत असा आरसा न्हाई. फोटूत तो आला पाह्यजे."

"बापू, आरसा म्हंजे जरा..."

"आरसा न्हाई तर फोटू न्हाई."

म्हणलं, ठीक. तिपाई उभी केली. काळ्या कपड्यात डोकं घालून चारी कोपरे बघितले. आरशात दिसत होती ओसरीच्या दुसऱ्या टोकाची पांढरी भिंत. बिलकुल साफ. बघा, मंत्र मी विसरलो न्हवतो! एवढं ध्यानात ठेवा.

उजेड अंगणाकडून झकास येत होता. आता दुसऱ्या बाजूला चादर. बोचक्यात हात घातला, तर चादर कुठंय? चादर जालन्याला, आमच्या ओट्यावर, आईनं नीट घडी घालून ठेवलेली!

तुम्ही म्हणाल, पाटलाचं घर, एक पांढरं कापड मागायचं. अहो, मागितलं असतं. पण पुढच्या बाजाराला बापू आडतीवर येणार आणि आप्पांना म्हणणार, तुमचं पोरगं फोटू काढायला आल्तं आणि सामानच घरी विसरून आल्तं. आप्पा म्हणणार, "हं." त्या एका "हं"मध्ये माझा जन्मभराचा तराजू!

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मंग खाली बघितलं. नऊ हात पांढरंशुभ्र, कालच धुतलेलं, नीळ घातलेलं.

म्हणलं, "बापू, डोळे मिटा. दोन मिनिट डोळ्याला आराम द्यायचा. हैदराबादेत मोठमोठ्या लोकांना असंच सांगत्यात."

बापूंनी डोळे मिटले. मी झटक्यात धोतर सोडलं, भिंतीच्या दोन खुंट्यांना ताणून बांधलं आणि कॅमेऱ्यामागं जाऊन काळ्या कपड्यात शिरलो. म्हणलं, कपडा गुडघ्यापर्यंत येतो, समोरून कोण बघतंय? फोटू झाला की नेसून टाकू.

"उघडा डोळे, बापू."

अन् काय सांगू, त्या धोतरानं कमाल केली! बापूंचा काळा राह्यलेला गाल अस्सा उजळला. मिशीचा केसन् केस दिसायला लागला. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर बापू उलटे, डोकं खाली, पाय वर, पण उजेड असा की मला रडू येऊन राह्यलं. उस्तादांचा सगळा भोपळा त्या गालावर उतरला होता. मी कपड्याच्या आत घामानं निथळलो. खुर्ची जरा इकडं, हनुवटी जरा वर, पुन्हा बघ, पुन्हा बघ. वीस मिनिटं गेली. आणि त्या वीस मिनिटांत ते पांढरं कापड कुठून आलं हे मी साफ विसरलो!

काच चढवली. आता भिंगावरचं टोपण काढायचं, चार आकडे मोजायचे, टोपण लावायचं. कॅमेऱ्याचा डबा लांब, माझा हात आखूड, मागून टोपणाला पुरंना. मी ऐटीत कपड्याबाहेर आलो, कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राह्यलो, छाती काढली आणि म्हणलं,

"बापू, आता पापणी हलवायची न्हाई. माझ्याकडं नीट बघा. मी कसा उभा हाय? बिलकुल तसंच ऱ्हायचं."

बापूंनी माझ्याकडं नीट बघितलं.

मिशी थरथरली. आठी उडाली. डोळे मोठे झाले. मला वाटलं, कॅमेऱ्याला भ्याले. मी आणखी ताठ झालो. टोपण काढलं. एक. दोन. तीन. चार. त्या चार आकड्यांत आम्ही दोघंबी हाललो न्हाई. ते खुर्चीत दगडासारखे, मी इकडं दगडासारखा. टोपण लावलं.

आणि बापू फुटले! असे हसले की खुर्ची मागं गेली, आरसा वाचला ते नशीब. मी बावचळून उभा. तेवढ्यात दाराआडून पाटलीणबाईंचा आवाज आला.

"अहो, त्या फोटूवाल्याला म्हणावं धोतर नेस आधी, मंग चहा घे!"

मी खाली बघितलं.

वर गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्यावर टोपी, आणि खाली लंगोट. बस, बाकी काही न्हाई. धरणी फाटावी असं लोक उगीच न्हाई म्हणत.

नेसलो. चहा कसा घेतला माहीत न्हाई. निघताना बापूंचे पाय धरले. "बापू, आप्पांच्या कानावर जाऊ देऊ नका."

"जा रे पोरा," डोळे पुसत बापू म्हणले. "पाटलाची जबान. न्हाई सांगणार."

माझा जीव भांड्यात पडला. बापू बोलणार न्हाईत, पाटलीणबाई जालन्याला येणार न्हाईत. म्हणजे या जगात कुणाला कळणार न्हाई. बराबर?

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी काच धुतली, कागदावर फोटू उतरवला आणि खिडकीपाशी नेला. आम्ही चौघं मागं उभे. बाकीच्या तिघांचे फोटू आधी बघून झाल्ते. तिघांचीबी माणसं अशी बसल्ती की जणू समोर मयत ठेवलीय. तवा फोटूत हसायची रीतच न्हवती.

उस्ताद बघत राह्यले. मंग हळूच म्हणले, "या अल्ला. पाटील हँस रहा?"

खरंच! हसू मिशीत अडकून बसल्तं, डोळ्यांत चमक, आता फुटंल का मंग फुटंल. जिवंत माणूस!

"तीस साल हो गए, ऐसा पाटील नहीं देखा. कैसे हँसाया, नारायन मियाँ?"

आता इथं मी काय करायला पाह्यजे होतं? गप बसायला पाह्यजे होतं. पण आमचं तोंड! मी घसा खाकरला.

"त्याचं असं हाय उस्ताद, माणसाच्या मनात शिरावं लागतं."

"हौ?" उस्तादांनी भिंग घेतलं आणि फोटू बारकाईनं बघायला लागले.

"त्याचा विश्वास बसला पाह्यजे. आपण त्याच्यापासून काही लपवून ठेवायचं न्हाई."

"हौ, हौ." भिंग बापूंच्या मिशीवरून खांद्यावर गेलं.

मला चेव चढला. बाकीच्या तिघांकडं वळून म्हणलं, "लक्षात ठेवा रे, अंगात ऐट पाह्यजे. आपण समोर उभे राह्यलो की गिऱ्हाईक सगळं दुःख विसरलं पाह्यजे!"

भिंग खांद्यावरून मागं सरकलं. थांबलं.

"मियाँ, चार कोने देखे थे?"

"देखे थे उस्ताद! बिलकुल साफ थे."

"अच्छा. तो ये कोट-टोपीवाले साब कौन हैं? ऊपर से नवाब, नीचे से बिलकुल साफ!"

आरसा! मी कोपरे बघितले तवा मी कपड्याच्या आत होतो. टोपण काढायला बाजूला आलो, आणि उभा राह्यलो तो नेमका आरशाच्या वाटेत. माणसाएवढा आरसा हो, टोपीपासून अंगठ्यापर्यंत अख्खा नारायण! आणि पापणी न हलवता उभा होतो ना, त्यामुळं मांडीवरचा तीळसुद्धा आल्ता!

उस्ताद हसत हसत खाली बसले. ते तिघं तर लोळले. मी टोपी उचलली आणि जिन्याकडं निघालो.

"कहाँ चले?"

"तराजूवर, उस्ताद."

"बैठो इधर. रोशनी बराबर है. इन तीनों ने कुछ नहीं भूला, और इनके फोटो में कोई जिंदा नहीं. तुम धोती भूले, मगर अब मरते दम तक कोना नहीं भूलोगे. कल से आना. मगर ये फोटो यहीं लगेगा."

आणि लावला! कुठं? गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या बराबर समोर!

पाच-सहा दिवसांनी आप्पा आले. पोरगं खरंच काम करतं का, का कुठं पत्ते कुटत बसतं, ते बघायला. माडी चढून आले, मला बघितलं, "हं" म्हणले.

उस्ताद म्हणले, "बैठिए सेठजी. आपका लड़का फोटो खींचेगा."

आप्पा बसले. मी कॅमेऱ्यामागं. चारी कोपरे बघितले. मंग धोतर बघितलं, होतं. मंग बाहेर येऊन टोपणाला हात लावला.

आप्पांनी समोर भिंतीकडं बघितलं. पुढं झुकून बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. पुन्हा भिंतीकडं. मी डोळे मिटून "हं"ची वाट बघत राह्यलो.

"हं" आलाच न्हाई. डोळे उघडले तर आप्पांचे दात दिसत होते! मी टोपण काढलं. एक. दोन. तीन. चार.

आप्पांचा आयुष्यातला तेवढाच फोटू. अजून आमच्या घरात आहे, चारी कोपरे साफ. नातवंडं इचारतात, एवढे कडक होते म्हणता, मंग फोटूत एवढे कशाला हसले?

मी सांगतो, पोरानं नाव काढलं ना, त्याच्याकडं बघून हसले.

आता सांगा, यात खोटं काय हाय?