मामीने राखलेली ओळ

माझ्या मामीइतकी कामसू बाई साऱ्या परभणी जिल्ह्यात नव्हती, आणि तिच्याइतकी कामं अर्धवट ठेवणारीही नव्हती. अर्धवट म्हणजे अगदी अर्धी नव्हेत. स्वेटर असो की मफलर, सगळं विणून व्हायचं आणि शेवटची एक ओळ राहायची. राहायची तरी कसली, मामी ती मुद्दाम राखायची. मामा चुडाव्याच्या स्टेशनावर सांधेवाला होता. गाडी यायच्या आधी लोखंडी दांडा ओढून रूळ जुळवायचे, हे त्याचं काम. त्याच्या रेल्वेच्या दोन खोल्यांत मामी आली ती पेडगावच्या शेतकऱ्याची लेक. तोवर लोकर तिने फक्त मेंढीच्या अंगावर पाहिलेली. पूर्ण्याच्या रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डाच्या मडमेने तिला सुया धरायला शिकवलं. पुढे संस्थान विलीन झालं, मडम निघून गेली, पण सुया मामीच्या हाताला चिकटल्या त्या चिकटल्याच.

चिकटल्या हे शब्दशः खरं, कारण तिचे स्वेटर सुरू व्हायचे भर वैशाखात. झळा मारताहेत, कुत्री रांजणाच्या बुडाशी ओलाव्याला पडली आहेत, आणि मामी घामाने ओली झालेली लोकर बोटांवरून सोडवत विणते आहे. "थंडीत इनायला घेतला तर घालावा कवा, शिमग्यात?" असं ती विचारायची. पावसाळ्यात लोकर दमट होते म्हणून क्रोशाची सुई निघायची. मग हंड्याच्या झाकणाला झालर, कंदिलाला झालर, एकदा तर मामाच्या हिरव्या झेंड्यालाही झालर. साहेब तपासणीला येणार म्हणून ती घाईघाईने उसवावी लागली. प्रत्येक झालरीचा शेवटचा फास सेफ्टी पिनेत अडकवलेला असायचा, त्यामुळे त्या घरात हात जपून ठेवावा लागे. सुया कमी पडल्या की मामाच्या छत्रीच्या काड्या जायच्या. दिवाळीनंतर थंडी पडली की स्वेटर अंगावर चढायचे, पण गळ्याचे टाके बंद केलेले नसत, नुसते रंगीत दोऱ्यात ओवलेले असत. मामा तसाच ड्युटीवर जायचा. हनुवटीखाली लोंबणारी दोऱ्याची टोकं म्हणजे टाय आहे, अशी नव्या स्टेशनमास्तरांची बरेच दिवस समजूत होती.

"एकच तर ओळ राहिली, टाका की करून," असं कुणी म्हटलं की मामी डोळे मोठे करायची. "तुमी कणगी पार झाडून पुसून रिकामी करता का? तळाला मूठभर जवारी ठिवताच ना? मंग ही माजी मूठ." पेडगावच्या घरात दाणे संपले असं कधी कुणी म्हणत नसे, वाढले म्हणत. तोच कायदा मामीने लोकरीला लावला होता.

तो तिने पहिल्यांदा मोडला, तो माझ्यासाठी. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हा माझं माहेर म्हणजे मामीचंच घर. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून मामीने झबलं-टोपडं आधीच पुरं करून पाठवलं. ते मूल जन्मलं आणि रडलंच नाही. मामीला कुणी चकार शब्द बोललं नाही. पण ती स्वतःला बोलत राहिली असणार, कारण मी दुसऱ्या खेपेला चुडाव्याला आले तेव्हा तिने पिवळं टोपडं विणलं, तोंडाकडची ओळ सुईवर ठेवली आणि सुईच्या दोन्ही टोकांना बुचं लावून ते फळीवर ठेवून दिलं. मी तिला हसले. पण रोज सकाळी डोळे उघडले की माझी नजर आधी त्या फळीकडे जायची.

मार्गशीर्षातल्या येळवसेला, म्हणजे अमावस्येला, मामी शेतातल्या पूजेसाठी एका दिवसाकरिता पेडगावला गेली. माझे दिवस भरायला अवकाश होता. मामाची सुट्टी होती, मी दुपारची झोपले होते, आणि त्या भल्या माणसाच्या मनात आलं की बायकोला चकित करावं. बाह्यांचे टाके ती बंद करायची ते इतकी वर्षं समोर बसून पाहिलेलं, तेव्हा टाके बंद करणं त्याला येत होतं. त्याने ट्रंकेतले स्वेटर काढले, एकूणएक गळे बंद केले, आणि शेवटी फळीवरचं टोपडंही.

तिन्हीसांजेला मला कळा सुरू झाल्या. मामा धावत जाऊन सुईणीला घेऊन आला. संध्याकाळच्या गाडीने आंबिलीची चरवी घेऊन मामी घरात शिरली, तिने फळीकडे पाहिलं, आणि पडद्याआड मला तिचा आवाज ऐकू आला.

"हे कोनी केलं?"

"मी," मामा म्हणाला. "लय दिसाचं ऱ्हायलं होतं. म्हनलं, तेवढाच हातभार."

टोपडं पुरं झालं! कळा विसरून मी घाबरले. पहिल्या खेपेची ती शांत खोली आठवली. बाहेर मामी उसवायला बसली, पण उसवेना. सांधा ओढणारा हात तो! प्रत्येक टाका मामाने दांडा ओढावा तसा आवळला होता. सुईने होईना म्हणून तिने दात लावले.

"अवो, कंदील हितं धरा! माज्या तोंडावर नगं, हितं!"

"पर उसवायलीस कशाला? चांगलं झालंय की."

"तुमी बोलूच नगा!"

सुईण मला धीर देत होती, पण माझे कान बाहेर होते. आणि एकदाची मामीची हाक आली, सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल अशी, "पोरी, उसवलं गं! एक ओळ हाय अजून! येऊ दे आता!"

आणि माझी लेक आली. अशी रडली, की मामाच्या हातातला कंदील हलला. मी हसत होते, रडत होते, सुईणीचा हात सोडत नव्हते. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मामी उंबऱ्यात बसली आणि तिने ती ओळ बंद केली. तिने काही पुरं करताना मी प्रथमच पाहत होते.

मामाने बंद केलेले बाकीचे स्वेटर मात्र कुणाच्याही डोक्यातून जाईनात. दर हिवाळ्यात मामा हात वर करून उभा, मामी खाली ओढते आहे, आणि आतून "कान! कान!" असा आवाज येतो आहे. मामीने मनात आणलं असतं तर एका बैठकीत सगळे गळे सैल करून दिले असते. तिने एकालाही हात लावला नाही. "त्यांनी बांधलंय. ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणायची.

आता दोघंही नाहीत. त्यातला एक स्वेटर माझ्याकडे आहे. थंडी पडली की मी तो कसाबसा डोक्यातून घालते. माझी लेक म्हणते, "आई, गळा सैल करून घे की, एका ओळीचं तर काम."

मी म्हणते, राहू दे. आणि कान चोळत बसते.