शिसेमामाची स्कूटर

माझ्या मामाचा एकच धर्म: जे जड, तेच चांगलं. जन्म गेला बॅटऱ्या दुरुस्त करण्यात, त्याही शिशाच्या, उचलणाऱ्याची कंबर मोडणाऱ्या. त्यामुळे चष्मा घ्यायला गेला तरी आधी तळहातावर तोलून बघायचा. "हाताला लागलं पाहिजे," म्हणायचा. सगळे त्याला शिसेमामाच म्हणत. मामी मात्र काडीसारखी; तिच्या शब्दाला वजन होतं, म्हणून लग्न जमलं असावं.

मामीची धाकटी बहीण टेकडीवर राहायची. ती अंथरुणाला खिळली आणि इकडे मामीच्या गुडघ्यांनी संप पुकारला. वर रिक्षा जात नाही. "मी नेतो की!" मामा म्हणाला आणि त्याने जुन्या स्कूटरला मोटर बसवून शिशाच्या बॅटऱ्या जोडल्या.

चढावर पहिल्याच वळणाला स्कूटरने मान टाकली. मामाने बॅटऱ्या दुप्पट केल्या. मग ती वळणाच्याही अलीकडे थांबली. मामाने आणखी चढवल्या, त्या थेट मागच्या सीटवर.

"आणि मी कुठे बसू?" मामीने विचारलं.

"तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं!"

माझं डोकंच फिरलं. "अरे मामा, या बॅटऱ्या स्वतःलाच वर नेण्यात संपतायत! शिशाच्या एका किलोत जेवढी ऊर्जा मावते, तिच्या चौपट लिथियमच्या किलोत मावते. ऊर्जेची घनता म्हणतात याला."

लिथियमची बॅटरी मी आणूनही दिली. मामाने ती एका हाताने उचलली आणि तोंड वाकडं केलं. "रिकामी आहे ही. फसवलं तुला."

पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मामीने ती बॅटरी पिशवीत घातली, पिशवी खांद्याला अडकवली आणि चपला पायात सरकवल्या. "लावता, की हिला घेऊन चालत जाऊ? बहीण माझी वाट बघत पडलीय. तिचं काही बरंवाईट झालं, तर तुमचं शिसं काय चाटू?"

मामाने सीटवरचं शिसं उतरवून ती बॅटरी लावली. मी चालत पुढे निघाले.

वर बहिणीच्या उशाशी बसून मामी खूप रडली. बहीण घाबरली. "वाटेत एवढा त्रास झाला का गं, ताई?"

"त्रास कसला! गाडी इतकी हलकी चालली, की यांना वाटलं मी मागे पडलेच कुठेतरी. दर वळणाला विचारायचे, 'आहेस ना गं?'" मामीने दारात चष्मा पुसत उभ्या असलेल्या मामाकडे पाहिलं. "उभ्या संसारात कधी मागे वळून बघितलं नव्हतं गं या माणसानं."