बंदुकीवरची दुर्बीण

दुकानदार स्वतःहून स्वस्त वस्तू पुढे करायला लागला की माझे कान टवकारतात. नावन गावाजवळच्या बंदुकांच्या दुकानात नेमकं तेच झालं. मी महागातल्या दुर्बिणींच्या कपाटापुढे उभी होते आणि काउंटरमागचा तांबड्या गालांचा माणूस मला सांगत होता, "त्यातली नको घेऊस. तुझ्या छोट्या पॉइंट टू-टू रायफलीला एवढी कशाला हवी? ही घे, ही ग्रँड आहे." इथे "छान आहे", "ठीक आहे", "हरकत नाही" या सगळ्याला ग्रँडच म्हणतात. त्याने खालच्या खणातून एक खोकं काढून माझ्यासमोर ठेवलं. खोक्याचा एक कोपरा दबलेला होता. जुना माल माझ्या गळ्यात मारतोय, मी मनात म्हटलं.

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. इथे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनच्या एका कंपनीत मी टेस्टर आहे. इतरांनी "झालं" म्हणून दिलेलं सॉफ्टवेअर झालेलं नाही, हे दाखवून देण्याचा मला पगार मिळतो. पण धंदा नंतरचा, शिकवण आईची. नागपुरात सीताबर्डीवर साडी घ्यायला गेलो की दुकानदाराने दाखवलेली पहिली साडी ती कधीच घ्यायची नाही. पहिली म्हणजे त्याला खपवायची असलेली, हा तिचा ठाम सिद्धांत. अख्खी गादी साड्यांनी भरली की मग ती हळूच पहिलीवर बोट ठेवायची. मीही त्या माणसाला आणखी तीन दुर्बिणी काढायला लावल्या.

रायफल घेतली त्यालाही कारण होतं, आणि ते साधं होतं. कॉलेजात एनसीसीत मी पोटावर झोपून निशाणं मारायची, बऱ्यापैकी मारायची. इथे ऑफिसातल्या एकीने मला तिच्या रेंजवर नेलं आणि इतक्या वर्षांनी बंदुकीच्या दारूचा तो वास नाकात गेला, त्याच दिवशी मी क्लबची मेंबर झाले. पुढे परवाना, भिंतीत बोल्टने पक्की केलेली लोखंडी तिजोरी, ती तपासायला आलेला गार्डा, म्हणजे इथला पोलीस, हे सगळं झालं. रायफल सेमी-ऑटोमॅटिक आहे, म्हणजे चाप ओढला की एक गोळी जाते आणि पुढची आपोआप नळीत येते. हा शब्द ऐकून आमच्या मराठी मंडळातली माणसं माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायला लागली. अडचण एवढीच की चाळिशीने डोळ्यांवर घाव घातला होता. नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी आणि समोरचा कागद एकाच वेळी स्पष्ट दिसेनात. दुर्बीण लागणार होती, आणि घराचा हप्ता जाऊन उरेल त्यात बसणारी लागणार होती.

ऑनलाइन मी कशावरच विश्वास ठेवला नाही. पाच तारे देणारे सगळे एकाच हाताने लिहिल्यासारखे लिहीत होते. एक जण स्वतःची वापरलेली दुर्बीण विकत होता, तर इतकी चांगली आहे मग विकतोस कशाला, हा माझा प्रश्न. शेवटी दुकानातल्या त्या माणसाने जे सांगितलं ते मला खोडता आलं नाही. तो म्हणाला, "महागातल्या बऱ्याच दुर्बिणी दूरच्या शिकारीसाठी जुळवलेल्या असतात. तू जवळच्या कागदावर मारणार. डोळा जरा हलला की आतली फुली निशाण्यावरून सरकल्यासारखी दिसेल. ही जवळच्यासाठीच जुळवलेली आहे. आणि गोळी सुटताना तुझ्या रायफलीला फारसा धक्का बसत नाही, ही टिकेल." वर आणि उजव्या बाजूला झाकणाखाली एकेक चकती होती. एकीने फुली वर-खाली होते, दुसरीने डावी-उजवी. चकत्या फिरवून पुन्हा होत्या तिथे आणल्या की गोळी पहिल्याच भोकात जायला हवी, तेवढं तपास आणि जात नसेल तर परत आण, म्हणाला. टेस्टरला असं आव्हान दिलं की ती पाघळते. तीन दुर्बिणी बाजूला सारून मी पहिलीच घेतली.

रेंजवर ती खरी उतरली. चकत्या चारी दिशांना फिरवून परत आणल्या आणि गोळी जवळजवळ पहिल्या भोकातच गेली. तरीही दुकानदाराबद्दलचा संशय मी पुरता सोडला नाही, थोडा राखून ठेवला.

सप्टेंबरात आई आली. नवरा शॅननला नोकरीला, सोमवारी पहाटे जातो तो शुक्रवारी येतो. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघीच. आईने पहिल्याच दिवशी तिजोरी पाहिली.

"याच्यात काय हाय? दागिने?"

"रायफल."

ती पलंगावर बसली. "कोनावर चालवाची हाय?"

"कागदावर, आई. खेळ आहे तो."

"कागदाले गोया माराले इतका खर्च?" ती म्हणाली, आणि त्यावर पुढे बोलली नाही. आई गप्प बसली की ती चौकशी करत असते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिचं सरळ होतं. फोनवरच्या बातम्यांत तिने इथे आपल्या लोकांना होणारी मारहाण पाहिली होती. मुलगी पाच दिवस एकटी राहते. मुलीने बंदूक घेतली. म्हणजे मुलीला कोणीतरी छळतंय, आणि एक दिवस मुलगी त्याला मारून तुरुंगात जाणार. ती तीन महिने राहायला आली होती आणि तेवढ्यात तिला हे थांबवायचं होतं, हे मला कळत होतं. कळत असून मी काहीच बोलले नाही, कारण बोलायला घेतलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

ती मात्र पुरावे गोळा करत राहिली. वरच्या खिडकीवर वाळलेला पिवळा ओघळ होता, तो कबुतरांचा म्हणून मी सांगितलं होतं. तिने ओल्या फडक्याने पुसला, वास घेतला आणि म्हणाली, "अंडं हाय." बसमध्ये तिच्याशी मराठीत बोलताना मी आवाज खाली आणते, हे तिच्या ध्यानात आलं. रोज संध्याकाळी नवऱ्याचा फोन येतो आणि तो पहिलं वाक्य "पोचलीस का?" म्हणतो, तेही तिने टिपलं. या सगळ्यावर तिने मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटत होती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. इथे हत्यारं म्हणजे लॅपटॉप, मिक्सर, गाडीची किल्ली आणि आईचा अडकित्ता. झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती आणली होती. पाट मांडून झाल्यावर आई म्हणाली, "ते तुह्यं बी काढ."

"काय?"

"बंदूक. हत्यारच हाय ना? मंग तिची पूजा नाही का कराची?"

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ज्या वस्तूचं नावही ती आजवर घेत नव्हती तिला आता हार घालायचा म्हणत होती. पण मला भरून आलं. म्हटलं, आईने मान्य केलं. गोळ्या आणि मॅगझिन तिजोरीतच ठेवून, नळी रिकामी आहे हे दोनदा पाहून मी रायफल पाटावर ठेवली. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. खोली न सोडता मी खिडकीशी जाऊन बोलत उभी राहिले, पाठ आईकडे. वळून पाहिलं तेव्हा दस्त्यावर हळदीकुंकू, दुर्बिणीवर फूल आणि आई हात जोडून बसलेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या शनिवारी रेंजवर माझी एकही गोळी कागदावरच्या काळ्या वर्तुळात गेली नाही. सगळ्या खाली डावीकडे, इतक्या खाली की कागदाला न लागता मागच्या फळीला भोकं पडली. शेजारच्या मेंबरने डोकावून पाहिलं आणि "स्वस्तातली काच, काय करणार," म्हणून खांदे उडवले. माझा पारा चढला. राखून ठेवलेला संशय फणा काढून उभा राहिला. दबलेलं खोकं, स्वतःहून पुढे केलेली स्वस्त वस्तू, सगळा उलगडा झाला. मी दुरुस्तीला हात लावला नाही. पुरावा होता तसाच ठेवायचा, हा आमच्या धंद्यातला नियम. रायफल पेटीत घालून, कोरे राहिलेले कागद घेऊन थेट दुकान गाठलं.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो माणूस हातातला चहा बाजूला ठेवून शांतपणे ऐकत होता. मग त्याने रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि वरच्या चकतीचं झाकण फिरवून काढलं. बोटाला काहीतरी लागलं. त्याने दिव्याखाली धरलं.

"हा गंज नाही," तो म्हणाला. "लाल पावडर आहे. आणि चकती पार टोकापर्यंत फिरवलेली आहे. दुसरीही. दुर्बीण ठणठणीत आहे, कोणीतरी मुद्दाम फिरवलीय." मग त्याने माझ्याकडे निराळ्या नजरेने पाहिलं. "तुझ्याशिवाय हिला कोण हात लावतं?"

इथे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. तिजोरीतली रायफल दुसऱ्याच्या हाती गेली असं ठरलं तर परवाना जाऊ शकतो. पण मला परवान्याची काळजी वाटली नाही. पूजा करणारा माणूस कुंकू झाकणावर लावतो. झाकणाच्या आत कुंकू जायला आधी झाकण काढावं लागतं, तेही कुंकवाच्या बोटांनी.

"माझ्या आईने पूजा केली," मी म्हटलं. "माझ्यासमोर. आम्ही वर्षातून एकदा अवजारांची करतो."

त्याने बोटावरची लाल पावडर फडक्याला पुसली. मग म्हणाला, "आमच्याकडे फादर ट्रॅक्टरवर पाणी शिंपडतात. पण त्यानंतर ब्रेक नसतात काढलेले." आणि त्याने चकत्या मधोमध आणून दिल्या. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "यू'र ग्रँड."

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. रायफल आधी तिजोरीत ठेवली, कुलूप लावलं आणि तिच्यासमोर बसले.

"चकत्या तू फिरवल्यास?"

तिने मेथी निवडणं थांबवलं नाही. "हो. म्याच फिरवल्या."

"कशाला, आई?"

"लागू नये म्हून. तू कोनावर उगारलीच तर लागू नये. फोनवर पाह्यलं होतं म्या, चकती फिरवली का नेम सुटते म्हून. गोयी जाईन, पन कोनी मरनार नाही. तू बी वाचशीन अन् तो बी."

माझा संताप संताप झाला. माझी आई माझ्या घरात बसून मला खुनी समजत होती, तेही हळदीकुंकू लावता लावता, देवासमोर. मी आवाज चढवून म्हटलं की मी कोणावरही रायफल उगारणार नाही. हा खेळ आहे, इथे बायका-पोरंही खेळतात. असा विचार तुझ्या मनात आलाच कसा?

"मंग ते अंडं?" ती म्हणाली.

मी ताटातली मेथीची एक काडी उचलून निवडायला घेतली.

"अन् तू बसमधून दोन स्टॉप आधी काहून उतरते? त्या दुकानापासची पोरं टाळाले? म्या पाह्यलं तुले. पावसात भिजत येते, पन तिथं उतरत नाही." मेथीची काडी तिने ताटात टाकली. "मले एक सांग. तुले भेव वाटते का नाही?"

हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्याला शॅननहून काहीच करता येणार नव्हतं, मग कशाला जिवाला घोर. ऑफिसात तर मी सगळ्यांना ग्रँड म्हणूनच सांगत होते. मला उन्हाळ्यापासून भीती वाटत होती. दाराशी पाऊल वाजलं की हातातलं काम टाकून मी कान देऊन उभी राहायची. आणि खरं सांगायचं तर एका संध्याकाळी, त्या पोरांनी खिडकीवर अंडं मारलं तेव्हा, मी दिवा मालवून जिन्यात बसले होते आणि तिजोरीच्या किल्लीला हात लावला होता. किल्ली काढली नाही. पण हात लावला होता.

"वाटते," मी म्हटलं. "खूप वाटते."

आई उठली. तिने मेथीचे हात पदराला पुसले आणि माझं डोकं पोटाशी धरलं. मला उशिरा कळलं की ती सुटका झाल्यासारखी रडतेय.

"बरं झालं," ती म्हणाली. "मले वाटलं, बंदूक आल्यापासून तुले भेव वाटनंच बंद झालं."