आवाज काढून दाखवा

"आधी आवाज काढून दाखवा."

गाडी घेऊन कुणीही आलं की मिस्त्री हे एकच वाक्य म्हणायचे. बॉनेट उघडायचे नाहीत, किल्ली मागायचे नाहीत. फडका खांद्यावर टाकून, मान जराशी डावीकडे कलती करून समोर उभे राहायचे. मग गाडीवाल्याने तोंडाने तो आवाज करायचा.

अंबरनाथ पूर्वेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. तिथे मी भल्याभल्यांना तोंडाने आवाज काढताना पाहिलंय. डोळ्यांसमोर आणा: एक वकीलसाहेब, काळा कोट हातावर, आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना हे बघून हळूच म्हणतात, "टर्रर्र... टक." मिस्त्री गंभीरपणे विचारतात, "टक शेवटी एकदाच, की मधे मधे?" वकीलसाहेब पुन्हा एकदा, या वेळी जरा मोठ्याने. एक गृहस्थ तर बायकोलाच घेऊन आले होते. म्हणाले, "मला नाही जमत. हिला छान येतो."

"अहो, गाडी समोर उभी आहे. चालू करून ऐका की," असं कुणीतरी वैतागून म्हणायचंच.

"ऐकणार आहेच. पण मी आत्ता ऐकणार. तुम्ही महिनाभर ऐकताय."

मी त्यांच्याकडे गेले ती माझी जुनी व्हॅन घेऊन. माझ्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं, त्यासाठी मी गाडी चालवायला शिकले. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून निघायचं, वाटेत त्याच सेंटरला जाणारे आणखी तिघं घ्यायचे आणि उल्हासनगरला पोचायचं. नवरा गेला. तेरावं झाल्यावर त्या तिघांपैकी बाईंचा फोन आला. बाई म्हणजे अंबरनाथच्या निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "तुझ्या दुःखात विचारू नये, पण उद्या आम्ही कसं जायचं गं?" दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. तोच माझा व्यवसाय झाला.

त्या गाडीतून एका सकाळी टिकटिक यायला लागली. हायवेवरच्या गॅरेजवाल्याने ऐकल्या ऐकल्या सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, आठ-दहा दिवस गाडी ठेवा. आठ दिवस! डायलिसिसला तीन दिवसांचा खाडा पडला तरी या लोकांच्या पायांना सूज येते, छातीत पाणी होतं. मी घाबरून मिस्त्रींच्या गल्लीत आले.

मीही तोंडाने टिकटिक केली. हसू येत होतं आणि रडूही.

"ताई, सकाळी जास्त?"

"हो. दहा मिनिटांनी कमी होते."

"आणि टिक कोरडी आहे की ओली?"

आता आवाज ओला कसा असेल? पण मी विचार केला आणि खरंच सांगता आलं. टिकच्या मागे थोडी हवा होती. टिक्फ, टिक्फ. मिस्त्रींचा चेहरा उजळला. त्यांनी आधी ऑइल तपासलं, मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून जागोजागी ऐकलं, आणि शेवटी एका जोडाजवळची काजळी बोटाने पुसून मला दाखवली. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं पॅकिंग फाटलं होतं. गार असताना फटीतून हवा सुटायची. लोखंड तापून फुगलं की फट बुजायची. दोन तासांत काम झालं.

"हे सगळं शिकलात कुठे?" मी विचारलं.

"कंपनीत फिटर होतो. शेडमधे बारा मशीन एकत्र चालायची. एक बिघडली की बाकी अकरांचा आवाज मनातून वजा करायचा. उरते ती आपली."

कंपनी बंद पडल्यावर त्यांनी हे गॅरेज टाकलं. नवी गाडी आली की ते दुसऱ्याकडे पाठवायचे. त्यांना जुन्या गाड्यांचं कुतूहल. बदलापूरच्या पुढच्या एका गावातून एक शेतकरी जीप घेऊन आला होता. "खुळखुळखुळ," तो म्हणाला. मिस्त्रींनी त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. मग इंजिनकडे न जाता सरळ डॅशबोर्डखालचा पंखा खोलला आणि खाली पेपर धरला. ओंजळभर जांभळाच्या बिया पडल्या. उंदराने साठवल्या होत्या. मिस्त्रींना इतका आनंद झाला की येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत होते. शेतकरी मात्र म्हणत होता, "म्हंजे माझ्याच झाडाच्या दिसतायत."

माझी टिकटिक गेली. पण महिनाभराने मला पुन्हा काहीतरी ऐकू येऊ लागलं. रोज नाही. परतीच्या वाटेवर, पुलाच्या चढावर, कधीतरी. मी दोनदा गॅरेजला गेले. उभ्या गाडीत काहीच नाही. मिस्त्रींनी मला बाजूला बसवून स्वतः चालवून पाहिली, तरी नाही. मला वाटलं, आता म्हणतील, ताई, मनाचा खेळ आहे. घरचे तेच म्हणत होते. पण मिस्त्री म्हणाले, "गुरुवारी मी येतो तुमच्याबरोबर. भरलेल्या गाडीत."

गुरुवारी ते सेंटरबाहेर थांबले. तिघं पेशंट बाहेर आले. बाई मागच्या बाकावर आडव्या झाल्या. डायलिसिसनंतर त्यांना बसवत नसे. मधे सिंधी अंकल आणि एक तरुण मुलगा. मिस्त्री माझ्या शेजारी. त्या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, त्यामुळे मिस्त्री जवळजवळ इंजिनवर बसून ऐकत होते. चढ लागला.

"आला का, ताई?"

"नक्की नाही सांगता येत. टक् असं काहीतरी."

"कसं, काढून दाखवा."

मी काढला. त्यांनी काढला. मी म्हटलं तसा नाही, असा. अंकल वैतागले. "अरे मिस्त्री, ये गॅरेज है या गाने का क्लास?"

तेवढ्यात मागून बाईंचा थकलेला आवाज आला. "मी काढू का?"

मिस्त्री गर्रकन वळले. बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "खळ्, खळ्, खळ्... खट्. माझ्या कानाखालीच होतो. पंधरा दिवस झाले."

"ताई, गाडी बाजूला घ्या," मिस्त्री म्हणाले. "ब्रेक मारू नका. हळूहळू घ्या."

गाडी थांबली. ते रस्त्यावर पाठ टेकून खाली शिरले. दोन मिनिटं फक्त त्यांचे पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर एक बोल्ट होता. इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारा लांब दांडा चार बोल्टवर बसवलेला असतो. एक कधीच पडला होता, एक बोटांनी निघून आला, उरलेले दोन ढिले होते.

"सुटला असता तर?" मी विचारलं.

मिस्त्रींनी मागच्या बाकाकडे पाहिलं. "पत्रा फाडून वर आला असता," ते हळू म्हणाले.

आम्ही तिघांना रिक्षांतून घरी पाठवलं. पण त्याआधी मिस्त्री मागच्या दारापाशी गेले. "बाई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, जुन्या गाडीला असतोच आवाज. आणि मला कुणी विचारलं नाही."

एवढा अनुभवी माणूस, पण त्यांनी बाईंसमोर हात जोडले. "चुकलं माझं. इतकी वर्षं मी फक्त चालवणाऱ्याला विचारत आलो."

त्यानंतर त्यांचा प्रश्न बदलला. "मागे कोण बसतं? त्यांना घेऊन या." गल्लीत लोकांच्या सासवा, आजोबा, शाळेतल्या मुली येऊन आवाज काढू लागल्या. शेजारचा चहावाला म्हणायचा, मिस्त्रींकडे आता गाड्यांपेक्षा नातेवाईक जास्त येतात.

आणि दर गुरुवारी दुपारी मिस्त्री परतीच्या गाडीत चढू लागले. कारण म्हणून ते "बोल्ट बघायला" सांगायचे. बसायचे मात्र मागे, बाईंच्या पायाशी. बाईंना बोलायला कुणीतरी हवंच होतं.

"मिस्त्री, खडखड आणि खळखळ एक नाही. पाणी खडखडत नाही."

"मग ढिला पत्रा काय करतो, बाई?"

"तो खडखडतो. साखळी खळखळते. बांगड्या किणकिणतात."

"आणि बेअरिंग गेलं की?"

बाई विचारात पडायच्या. "ऐकवा मला एकदा." पुढच्या गुरुवारी मिस्त्री खिशातून गेलेलं बेअरिंग आणायचे आणि बाईंच्या कानाशी फिरवायचे. "घरघर," बाई निर्णय द्यायच्या. "पण वाळूची."

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. मिस्त्री गुरुवारी येत राहिले. मागचा बाक दुसऱ्या पेशंटला मिळाला होता, म्हणून ते पुढे बसायचे.

मग रस्ता रुंद करायला गल्लीची एक बाजू पाडली, त्यात गॅरेजही गेलं. नवी जागा घेण्याचं त्यांचं वय नव्हतं. मुलगी नाशिकला होती, तिने हट्टच धरला. जायच्या आधीच्या गुरुवारी ते आले. मी विचारलं, "मिस्त्री, सगळं नीट वाजतंय ना?" वळून पाहिलं तर त्यांची मान खिडकीच्या काचेला टेकली होती. चालू इंजिनवर बसलेला तो माणूस गाढ झोपला होता, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात मांडीवर उपडे.

मी पुलावरून गाडी अगदी सावकाश नेली.