कापसाची बाई

"पुढं कापूस जास्त भर. बाई उठून दिसाया पायजे," म्हणत गौडाच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, भावानं चोळी माझ्या शिलाई मशीनवर फेकली.

मी कपडे शिवते. संतपूरकडच्या आमच्या गावात जत्रेला दरवर्षी नाटक होतं. सगळी कामं गडीच करतात. बाईचंसुद्धा. यंदा नाटकातली बायको झाले होते माझ्या पोरीचे गुरुजी. चोळी नीट बसते का बघायला मला तालमीला बोलावलं. देवळाच्या मंडपात.

"तू पायरीवरच बस," गौडाचा भाऊ म्हणाला. बसले.

नवरा मारतो, बायको रडते, असा प्रसंग. गुरुजी तोंडाला पदर लावून किंचाळले. सगळे हसले. एक जण उठला, गुरुजींच्या छातीवरचा कापूस मुठीत धरून दाबला. "माल बराय," म्हणाला. शिट्ट्या. गुरुजीही हसायले होते.

त्या मुठीत कापूस नव्हता. आम्ही होतो.

"कोनतीच बाई अशी रडत न्हाई," मी बोलले. "मार खाल्लेली बाई आवाज गिळती. शेजारी कळू नये म्हनून. मला द्या हे काम."

"चांगल्या घरच्या बाया तोंडाला रंग लावत न्हाईत," गौडाचा भाऊ म्हणाला. "आन् तुमच्यातलीनं लावला तर लोक तमाशा म्हनतेत."

शाळेत शिकले होते, पूर्वी बायकांना नाटकात घेत नसत. अब्रूसाठी म्हणे. थू. यांनी घरच्या बायका कोंडल्या आणि आमच्या आज्या लग्नावऱ्हाडात नाचवल्या. नाचायला आम्ही चाललो. चारचौघांत बोलायला कोणतीच बाई चालली नाही. ती बोलली, की हे हसणार कशावर?

"गुरुजी, चोळी काढा," मी म्हणाले. "मी शिवलीय. मी न्हेते."

गुरुजींनी खाली मान घालून चोळी काढली. घरी येऊन मी ती उसवली. कापूस उकिरड्यावर टाकला.

मग चार बायका गोळा केल्या. बुद्धविहाराच्या अंगणात आमची तालीम सुरू झाली. गौडाकडून निरोप आला, बंद करा. सासू घाबरली.

"कामून आंगावर घ्यायलीस, माय? शिवायला कपडे देनार न्हाईत ते."

"न्हाई दिले तर न्हाई दिले."

तिनं विचारलं, "आन् नवऱ्याचं काम कोन करनार?"

"बाईच करनार. मार देनारा हात कसा उठतो, ते आमच्याइतकं कुनाला ठावं हाय?"

रविवारी नाटक आहे. समोर कुणी बसो न बसो. मी तोंडाला रंग लावणार आणि बोलणार.