मच्छरदाणीतली पाहुणी

फोन आला तेव्हा माझ्या हातात नवऱ्याचा दाढीचा ट्रिमर होता आणि ट्रिमरच्या टोकाला मेलेली माशी. संध्याकाळची वेळ, समोर मच्छरदाणी, मच्छरदाणीत तळहाताएवढा कोळी. पलीकडून माझे यजमान, अविनाश, हॉस्पिटलमधून बोलत होते. "शैला गेली गं," एवढंच म्हणाले. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अहो, हिचं अजून खाणं व्हायचंय!" त्याला आता बरेच आठवडे झाले, पण त्या वाक्याची मला लाज वाटत नाही. ज्या बाईने मला या अवस्थेत आणून उभं केलं, तिच्या बातमीवर मी दुसरं काय बोलणार होते?

शैला माझी नणंद. अविनाशपेक्षा धाकटी, लग्न न केलेली, अंबडच्या एका कारखान्यात मोटारींचं कॉइल वाइंडिंग, म्हणजे तारा गुंडाळायचं काम करण्यात सगळी नोकरी घालवलेली. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात, गुडघ्यांचे व्यायाम करतात. ही मैत्रिणींबरोबर इगतपुरीला धबधबे बघायला गेली आणि जेवणाच्या डब्यातून कोळी घेऊन आली. माझ्या पोळ्यांच्या डब्यातून! "वहिनी, झाकण जरा हळू उघड हं," ती बाहेरच्या खोलीतून म्हणाली, तोवर मी डबा धुवायला घेऊन झाकण उघडलेलं होतं. माझी किंकाळी ऐकून समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत आली. शैलाने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. आधी कोळ्याचे पाय मोजले.

पहिल्यांदा त्याला माशांच्या जुन्या काचेच्या टाकीत ठेवलं. 'त्याला' नाही, 'तिला'. शैलाच्या म्हणण्याप्रमाणे ही बाई होती. ती काही जाळं विणेना. एका कोपऱ्यात पाय दुमडून बसून राहिली, आणि शैला जेवेना. "जागा पुरत नाही गं तिला. वाइंडिंग करायचं तर हात फिरायला नको का?" एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर पलंगाला चार काठ्या बांधून मच्छरदाणी ताणलेली, आत कोळी, आणि आमच्या बाईसाहेब बाहेर जमिनीवर सतरंजी टाकून डास मारत बसलेल्या. मच्छरदाणीच्या आत मात्र पिवळ्या, चमकदार धाग्यांचं हातभर रुंद जाळं तयार होतं.

"अगं, माणसं मच्छरदाणीत झोपतात आणि किडे बाहेर असतात!"

"कोळी म्हणजे किडा नाही, वहिनी."

जाळ्याच्या कडेला तिळाएवढा एक ठिपका हलत होता. तो म्हणे नवरा, त्याच डब्यातून आलेला. "एवढासा आहे म्हणून टिकलाय," असं शैलाचं मत. मला हसू आलं, पण मी ते दिसू दिलं नाही. हसले असते तर दुसऱ्या दिवशी आणखी एक डबा भरून आणला असता.

इथवर सगळं सहन केलं असतं. पण शैलाच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. जिना चढताना मध्येच थांबून चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करायची. डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून बजावलं, तर ही म्हणाली, "मग हिला कोण बघणार?" अविनाश एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मशिनच्या वर आवाज काढून बोलायला शिकलेले, ते ओरडले. मी ओरडले. इगतपुरीला सोडून येऊ म्हटलं, तर ही म्हणे, घाटात पाऊस झोडपतोय, जाळं उभं राहायचं नाही, मी बरी झाले की आपण दोघी जाऊन सोडू... "आणि तोवर खायला कोण घालेल? तू?"

"हो, मी!" रागाच्या भरात बोलून गेले.

"दाखव मग."

शैला जिवंत नाकतोडा चिमटीत धरून जाळ्यावर सोडायची. ते माझ्याच्याने होणार नव्हतं. मी मेलेली माशी चिकटवून बघितली; कोळ्याने ढुंकून पाहिलं नाही. "हललं नाही तर तिला कळत नाही. नापास," शैला म्हणाली आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. परत प्रयत्न, परत नापास. शेवटी मी इतकी वैतागले की बाथरूममधून अविनाशचा ट्रिमर आणला, टोकाला माशी लावली, बटण दाबलं आणि जाळ्याला टेकवला. घर्रर्र... ती धावत आली आणि माशी ओढून घेऊन गेली. मी किंचाळले. शैला हसत सुटली, हसता हसता धाप लागून खाली बसली. "पास, वहिनी, पास!" दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून बॅग भरली. दारातून म्हणाली, "रोज पाणी फवार. आणि मी आल्याशिवाय सोडायचं नाही."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर माझ्याशी फोनवर बोलली. पहिला प्रश्न, "खाल्लं का तिने?" मी जेवले का, झोपले का, काही नाही. "खाल्लं बाई, तू आधी बरी हो," म्हणून मी चिडून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचं हृदय थांबलं...

दिवसांना पाहुणे आले. चुलत सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तो पलंग मोकळा करा, ते जाळं काढून टाका." आणि डबा उघडून किंचाळलेली मी खोलीच्या दारात आडवी उभी राहिले. सतरंज्या देते म्हटलं, बाहेर झोपा. दहाव्यानंतर अविनाशनी ट्रिमर मागितला. मी दिला नाही. त्यांनी नवा आणला.

आता पाऊस कधीच थांबलाय. परवा अविनाश म्हणाले, "चल, गाडी काढतो. घाटात सोडून येऊ तिला." मीही तो पोळ्यांचा डबा काढला, पुसला. मग परत फडताळात ठेवला. "ती आल्याशिवाय सोडायचं नाही, असं ठरलंय," मी म्हणाले. अविनाशनी गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवली. मला वेड लागलेलं नाही. शैला येणार नाही हे मला कळतं, आणि हा कोळी थंडीच्या पुढे फारसा टिकणार नाही हेही तिनेच मला सांगितलेलं आहे.

रोज संध्याकाळी इस्त्रीच्या बाटलीने मी जाळ्यावर पाणी फवारते. माशी लावते, बटण दाबते. ती धावत येते, माशी घेऊन मध्यावर जाऊन बसते. मी ट्रिमर बंद करते, दुसऱ्या हातात बाटली तशीच असते, आणि पास म्हणायला कोणी नसतं म्हणून मला शैलाचा इतका राग येतो, इतका राग येतो, की डोळे पुसायलासुद्धा हात मोकळा नसतो.