थांबा म्हणणाऱ्याला आलूबोंडा

३० जून. उद्याच्या ऑपरेशनची कापडं वाफेवर निर्जंतुक करायच्या ड्रममध्ये भरायला बसले आहे आणि डोक्यात आमचे सर्जनसाहेब आहेत, आज निवृत्त झालेले. पांढरकवड्यापासून आर्णीपर्यंत इतका छळवादी भला माणूस दुसरा नसेल.

पूर्वी ऑपरेशनच्या खोलीत त्यांच्यासमोर पंखासुद्धा दबकून फिरायचा. मग ते सगळ्यांनी मिळून काम कसं करावं याच्या प्रशिक्षणाला गेले आणि परतले ते वेगळेच. भूल देण्याआधी डॉक्टरपासून झाडणाऱ्या मावशीपर्यंत प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. इतक्या वर्षांच्या ओळखीची मी, मलाही सूट नाही. शिवाय काही चुकतंय असं वाटलं तर कोणीही 'थांबा' म्हणावं, त्याला साहेबांकडून गरम आलूबोंडा. मग आमच्याकडे इतकं चुकायला लागलं की कँटीनवाल्यानं दुसरी कढई घेतली. पंखा कुरकुरतो म्हणूनही वॉर्डबॉयनं एक उकळला.

आर्णीच्या एका लग्नात साहेबांनी मंगलाष्टकांआधी भटजींना, बँडवाल्याला, अंतरपाट धरणाऱ्यांना नाव आणि काम विचारलं. नवरदेवाच्या काकांना नाव सांगता आलं, काम नाही. त्यांना साहेबांनी पाणी वाटायला लावलं.

मीही हसायचे. मग एके दिवशी गर्भाशय काढायचं म्हणून सुनीता नावाची बाई टेबलावर आली. ओळख पटवायला साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं. "मालकाचं नाव कसं घेऊ जी?" ती म्हणाली.

"उखाण्यात घे ना बाई. काहून लाजून राह्यली?"

तिनं घेतलं, "तुरीच्या शेतात पाखरांचा थवा, सुभाषरावांचं नाव घेते, आता तरी झोपवा."

सगळे वा वा करत होते. माझ्या हातातल्या केसपेपरवर नवरा गणेश होता. मी म्हटलं, "थांबा."

एकाच गावच्या, एकाच नावा-आडनावाच्या दोघी दाखल होत्या. ही हर्नियावाली, नव्या लग्नाची, अजून मूलबाळ नसलेली. साहेबांनी दोघींचे केसपेपर शेजारी शेजारी ठेवून स्वतः वाचले. त्या दिवशी मला दोन आलूबोंडे मिळाले. त्यांनी स्वतः एकही खाल्ला नाही.

नव्या साहेबांनी ही नावांची भानगड फोनवरच वेळखाऊ ठरवली आहे. आज जाताना आमचे साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही थांबा म्हणत राहा. आलूबोंडा मात्र आता तुमचा तुम्हीच आणा."

१ जुलै. सकाळी नव्या साहेबांनी आल्या आल्या भूल द्यायला सांगितलं. मी म्हटलं, "थांबा साहेब. आधी नाव सांगा, काम सांगा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या बाईकडे पाहिलं, आणि सांगितलं. ऑपरेशन आटोपल्यावर मी कँटीनमधून आलूबोंडा आणला. थंड होता, तरी खाल्ला.